डिरेक्टरीत काय लिहू द्यायचं ते डिरेक्टरीनंच ठरवावं

ओपनएलडॅप म्हणजे डिरेक्टरी, संस्थेतल्या माणसांची माहिती एका जागी ठेवणारा सर्व्हर. त्यातली कुठलीही एक एंट्री, म्हणजे एका माणसाची नोंद, घ्या आणि तिच्या टेलिफोन नंबर या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (म्हणजे रकान्यात) रोमन अक्षरांत ‘रिसेप्शनला विचारा’ असं लिहून पाहा. सर्व्हर ते मुकाट्यानं घेतो. ना एरर, ना वॉर्निंग. या कामात नव्यानं आलेल्यांना हे खरंच वाटत नाही, कारण स्कीमामध्ये, म्हणजे डिरेक्टरीच्या रचनेच्या व्याख्येत, त्या अ‍ॅट्रिब्यूटचा सिंटॅक्स ‘टेलिफोन नंबर’ असा स्वच्छ लिहिलेला असतो. आता तिथेच एखादा अगदी बरोबर फोन नंबर देवनागरी अंकांत लिहा. लगेच एरर २१ येतो, ‘इनव्हॅलिड पर सिंटॅक्स’. वाक्य आत गेलं आणि नंबर बाहेर राहिला.

कारण आरएफसी ४५१७ मध्ये, म्हणजे एलडॅप या डिरेक्टरीच्या प्रोटोकॉलच्या एका प्रमाण दस्तऐवजात, सापडतं. टेलिफोन नंबर हा सिंटॅक्स तिथे प्रिंटेबल स्ट्रिंगवर बेतलेला आहे. रोमन अक्षरं, अंक, स्पेस आणि कंस, अधिक, स्वल्पविराम, डॅश, टिंब, प्रश्नचिन्ह अशी मोजकी चिन्हं चालतात. नंबर कसा लिहावा यासाठी आरएफसी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) ई.१२३ या शिफारशीकडे बोट दाखवतो, पण सर्व्हर प्रत्यक्षात तपासतो तो अक्षरांचा संच. सिंटॅक्सचं काम तेवढंच आहे. ती व्हॅल्यू कामाची आहे का, हे ठरवणारा नियम आपल्याला वेगळा लिहावा लागतो, आणि तो कुठे लिहायचा याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. तो सर्व्हरवरच लिहायचा.

मी गेली बरीच वर्षं एका मोठ्या संस्थेची डिरेक्टरी सांभाळते. लॉगिन, मेल, टेबलावरचे फोन, वायफाय, दारांची कार्डं, सगळं तिथूनच वाचतं. वाचणारे पुष्कळ असतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. लिहिणारेही पुष्कळ असतात, हे मात्र बैठकीत कोणी मोजत नाही. एचआरच्या सिस्टिममधून रोज रात्री येणारी फाइल, हेल्पडेस्कचा वेब फॉर्म, लोकांना स्वतःची माहिती बदलता येते ते पान, मेलवाल्यांची स्क्रिप्ट, फोनवाल्यांची स्क्रिप्ट, आणि कधीमधी कमांड लाइनवर बसलेला माणूस. ‘फॉर्ममध्ये व्हॅलिडेशन आहे ना, मग पुरे’ असं कोणी म्हटलं की मी ही यादी पुढे ठेवते. फॉर्ममधलं व्हॅलिडेशन त्या फॉर्मपुरतं असतं. दुसरा फॉर्म दुसऱ्या टीमनं लिहिलेला असतो, त्यातला नियम थोडा वेगळा असतो, आणि स्क्रिप्टमध्ये बहुधा नियमच नसतो. हे सगळे ज्या एका दारातून आत येतात ते दार म्हणजे सर्व्हर. नियम तिथे असला की तो सगळ्यांना सारखा लागू होतो.

स्कीमाबद्दल आणखी एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवं. मेल या अ‍ॅट्रिब्यूटच्या व्याख्येत सिंटॅक्सच्या लांबलचक ओआयडीनंतर, म्हणजे ओळख-क्रमांकानंतर, महिरपी कंसात २५६ असा आकडा दिसतो. बहुतेक लोक तो ‘जास्तीत जास्त २५६ अक्षरं’ असा वाचतात. आरएफसी ४५१२ मध्ये त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. सर्व्हरनं निदान एवढ्या लांबीची व्हॅल्यू तरी स्वीकारावी, अशी ती सूचना आहे. त्याहून लांब आली तर नाकारावी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि ओपनएलडॅप त्या आकड्यावरून काहीही नाकारत नाही. त्या आकड्यावर विसंबून कोणी आपल्या डेटाबेसमध्ये २५६ चा कॉलम ठेवला असेल, तर एक दिवस एखादी लांब व्हॅल्यू तिथे येऊन अडकणार. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत चित्र वेगळं आहे. तिथे अ‍ॅट्रिब्यूटच्या व्याख्येत रेंजलोअर आणि रेंजअप्पर या किमान आणि कमाल मर्यादा असतात आणि सर्व्हर ते खरोखर पाळतो. दोन्हीकडे काम करणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

स्कीमातला खरा कडक शब्द म्हणजे सिंगल-व्हॅल्यू: एका एंट्रीत एकच व्हॅल्यू. एम्प्लॉयी नंबर आणि डिस्प्ले नेम हे आयनेटऑर्गपर्सन या माणसांच्या एंट्रीच्या प्रमाण स्कीमामध्ये, म्हणजे २००० सालच्या आरएफसी २७९८ मध्ये, सिंगल-व्हॅल्यू आहेत. पण मेल नाही, यूआयडी (लॉगिनचं नाव) नाही, आडनावसुद्धा नाही. मग कोणी म्हणतं, ‘स्कीमा फाइल उघड आणि मेलपुढे सिंगल-व्हॅल्यू टाक.’ हे कधीही करू नये. प्रमाणित अ‍ॅट्रिब्यूटची व्याख्या आपली नसते. ती बदलली की आपला सर्व्हर जगातल्या बाकी सर्व्हरांशी वेगळी भाषा बोलायला लागतो, आणि पुढच्या अपग्रेडला कोणीतरी मूळ फाइल परत ठेवतो. मर्यादा हवी असेल तर ती स्कीमाच्या वरच्या थरात घालायची.

हा सगळा नीटनेटकेपणाचा हट्ट आहे असं कोणाला वाटत असेल, तर २०२१ च्या नोव्हेंबरमधलं प्रकरण वाचावं. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या दोन त्रुटी दुरुस्त केल्या, सीव्हीई-२०२१-४२२७८ आणि सीव्हीई-२०२१-४२२८७. पहिली त्रुटी निव्वळ एका अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूची होती. कॉम्प्युटरच्या खात्याचं सॅमअकाउंटनेम (लॉगिनचं नाव) डॉलरच्या चिन्हानं संपतं, असा संकेत आहे. पण सर्व्हर तो संकेत सक्तीनं पाळून घेत नव्हता. मुळातल्या सेटिंगप्रमाणे कोणताही साधा युजर डोमेनमध्ये १० पर्यंत कॉम्प्युटर जोडू शकतो. हल्लेखोर असं एक खातं बनवायचा आणि त्याचं नाव बदलून डोमेन कंट्रोलरचं, म्हणजे डोमेनची लॉगिनं सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरचं, नाव द्यायचा, शेवटचा डॉलर गाळून. त्या नावानं कर्बेरॉस या लॉगिनच्या यंत्रणेचं पहिलं तिकीट घ्यायचा, मग खात्याचं नाव पुन्हा पहिल्यासारखं करायचा आणि त्या तिकिटावर पुढचं तिकीट मागायचा. आता तिकिटावरच्या नावाचं खातंच सापडायचं नाही. मग सर्व्हर नावाला स्वतःहून डॉलर जोडून शोधायचा आणि त्याला खरा डोमेन कंट्रोलर सापडायचा. साधा युजर त्या वाटेनं थेट डोमेनच्या मालकीपर्यंत पोचायचा. ‘कॉम्प्युटरच्या खात्याचं नाव डॉलरनंच संपलं पाहिजे’ हा एक नियम लिहिताना तपासला गेला असता, तर साखळीचा पहिलाच दुवा जुळला नसता. दुरुस्तीमध्ये नेमकी तीच तपासणी घातली गेली.

ओपनएलडॅपमध्ये असे नियम लिहिण्यासाठी कन्स्ट्रेंट नावाचा ओव्हरले, म्हणजे जोडून घ्यायचा जादा थर, आहे. तो डेटाबेसवर बसवायचा. कॉन्फिगरेशन सीएन-कॉन्फिगमध्ये, म्हणजे डिरेक्टरीच्याच एका शाखेत, असेल तर सर्व्हर रीस्टार्ट न करता तो चालू होतो. मग एकेका अ‍ॅट्रिब्यूटसाठी नियम लिहायचे. नियमांचे मुख्य प्रकार पाच: रेगेक्स (मजकुराचा साचा), काउंट, साइझ, यूआरआय आणि सेट. नियम मोडला की सर्व्हर एरर १९ देतो, कन्स्ट्रेंट व्हायोलेशन. एकाच अ‍ॅट्रिब्यूटवर अनेक नियम असतील तर सगळे पाळावे लागतात. काउंट म्हणजे व्हॅल्यूंची कमाल संख्या. मेलवर सिंगल-व्हॅल्यू हवं होतं ना, ते इथे काउंट १ लिहून मिळतं. साइझ मी फोटोसाठी वापरते, १३१०७२ बाइट्स, म्हणजे १२८ केबी. टेबलावरचा फोन छोट्या पडद्यासाठी फोटो मागतो, तेव्हा त्याला कॅमेऱ्यातून निघालेली आख्खी फाइल देण्यात काही अर्थ नाही.

रेगेक्सचं प्रकरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे. फोन नंबरसाठी माझा नियम असा: सुरुवातीला अधिक चिन्ह, मग १ ते ९ मधला एक अंक, मग ६ ते १४ अंक, आणि तिथेच शेवट. आयटीयूच्या ई.१६४ प्रमाणे आंतरराष्ट्रीय नंबरात जास्तीत जास्त १५ अंक असतात आणि देशाचा कोड शून्यानं सुरू होत नाही. त्या दोन गोष्टी यात आल्या. खालची मर्यादा आमच्या सोयीनं ठेवली आहे. या नियमातले सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द म्हणजे ‘सुरुवातीला’ आणि ‘शेवट’. रेगेक्समध्ये त्यासाठी पुढे कॅरेट आणि मागे डॉलर लागतो. ते गाळले की नियमाचा अर्थ ‘या मजकुरात कुठेतरी असा तुकडा असावा’ एवढाच उरतो. मग नंबरच्या मागेपुढे आख्खं वाक्य आलं तरी नियम खूश. दुसऱ्यांनी लिहिलेले कन्स्ट्रेंट तपासायला माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी ही दोन टोकं बघते, मग बाकीचं वाचते.

दुसरी अडचण रेगेक्सच्या बोलीची. ओपनएलडॅप पॉसिक्सचा एक्स्टेंडेड रेगेक्स वापरतो. पर्ल किंवा पायथनची सवय असलेला माणूस अंकासाठी सहज बॅकस्लॅश आणि डी लिहितो. इथे त्याचा अर्थ अंक असा होत नाही. चौकटी कंसात शून्य ते नऊ असंच लिहावं लागतं. पुढे डोकावून बघणारे लुकअहेडही इथे नाहीत. म्हणून वेबसाइटवरच्या रेगेक्स तपासणाऱ्या पानावर नियम पास झाला याला मी काही किंमत देत नाही. सर्व्हरवर एक चांगली आणि एक वाईट व्हॅल्यू लिहून बघायची, तीच खरी परीक्षा.

एक्स्टेन्शनचा प्रश्न लगेच येतोच. ई.१६४ मध्ये अंतर्गत एक्स्टेन्शनला जागा नाही, आणि लोक ते नंबरच्या शेवटी अक्षरं जोडून लिहितात. त्यासाठी नियम सैल करण्याऐवजी मी वेगळा अ‍ॅट्रिब्यूट बनवणं पसंत करते. संस्थेसाठी आयएएनएकडून, म्हणजे इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडून, प्रायव्हेट एंटरप्राइझ नंबर फुकट मिळतो. त्याखाली आपला ओआयडी, आपला अ‍ॅट्रिब्यूट, आपली ऑक्झिलरी ऑब्जेक्टक्लास (एंट्रीला हे जादा रकाने जोडणारा वर्ग). स्वतःच्या अ‍ॅट्रिब्यूटवर सिंगल-व्हॅल्यू लिहायला मग कोणाची हरकत नसते.

आता स्पेसबद्दल. हा विषय क्षुल्लक वाटतो, पण माझ्या कामातला बराच वेळ त्यानं खाल्ला आहे. एका कर्मचाऱ्याला सगळीकडे लॉगिन करता येत होतं, फक्त एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये नाही. डिरेक्टरीत त्यांचा मेल शोधला की एंट्री लगेच मिळत होती. एलडॅपसर्च या शोधाच्या कमांडचं आउटपुट नीट पाहिलं तेव्हा मेलपुढे एकाऐवजी दोन कोलन होते, आणि पत्त्याच्या जागी बेस६४ या सांकेतिक पद्धतीची न वाचता येणारी ओळ. साध्या रोमन अक्षरांतल्या पत्त्याला बेस६४ कशाला लागावं? एलडीआयएफमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या एंट्री मजकूर म्हणून लिहिण्याच्या स्वरूपात, व्हॅल्यूच्या शेवटी स्पेस असेल तर ती बेस६४ मध्ये लिहितात, म्हणून. पत्त्याच्या शेवटी एक स्पेस होती. एलडॅपचा मॅचिंग रूल तुलना करताना पुढच्या-मागच्या स्पेस सोडून देतो, त्यामुळे शोध बरोबर लागत होता. साठवलेली व्हॅल्यू मात्र स्पेससकट जशीच्या तशी होती, आणि ते अ‍ॅप्लिकेशन ती बाइट-बाइट जुळवून पाहत होतं. स्प्रेडशीटमधून पेस्ट करताना नॉन-ब्रेकिंग स्पेस आली असती, तर मेलच्या सिंटॅक्सनंच तिला बाहेर ठेवलं असतं, कारण मेल हा आयए५ स्ट्रिंग आहे, त्यात फक्त साधी रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हं चालतात. साधी स्पेस मात्र त्या सिंटॅक्समध्ये बसते, त्यामुळे ती आत येते.

म्हणून मेलसाठी माझा रेगेक्स अगदी साधा आहे. ईमेल पत्त्याचं संपूर्ण व्याकरण रेगेक्समध्ये बसवण्याच्या मी विरोधात आहे. तो प्रयत्न करणारे नियम लांबलचक होतात, कोणाला वाचता येत नाहीत, आणि शेवटी एखाद्या खऱ्या माणसाचा खरा पत्ता नाकारतात. मी एवढंच बघते: कुठेही स्पेस नको, ॲटचं चिन्ह एकच हवं, आणि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत डोमेन आमचं हवं. बाहेरच्या लोकांच्या एंट्री वेगळ्या शाखेत आहेत, त्यांना डोमेनची अट नको असते. त्यासाठी नियमाच्या शेवटी रिस्ट्रिक्ट लिहून तो एका शाखेपुरता किंवा एका ऑब्जेक्टक्लासपुरता बांधता येतो.

नावांवर मी रेगेक्स लावत नाही. सीएन (पूर्ण नाव) आणि आडनाव यांचा सिंटॅक्स डिरेक्टरी स्ट्रिंग आहे, म्हणजे सगळ्या लिपी मावणारं यूटीएफ-८. माणसाला आपलं नाव आपल्या लिपीत लिहिता यावं म्हणूनच तो तसा आहे. आरएफसी ३८६६ प्रमाणे तर अ‍ॅट्रिब्यूटला भाषेचा टॅग जोडता येतो, म्हणजे एकाच एंट्रीत रोमन नावाशेजारी मराठी टॅगचं नाव ठेवता येतं. असं असताना कोणीतरी ‘नावात फक्त ए ते झेड’ असा नियम आणतं, तेव्हा मी तो सरळ परत पाठवते. कोणाचं नाव बरोबर आहे हे ठरवण्याचा अधिकार सर्व्हरला नाही. लांबीच्या बाबतीतही जपून. साइझचा नियम बाइट्स मोजतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कानाला चार अक्षरांचं आहे. युनिकोडमध्ये त्याचे १० कोडपॉइंट (सुटे घटक) होतात आणि यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट्स. रोमन नावांकडे बघून कोणी ‘६४ पुष्कळ झाले’ म्हणाला, तर देवनागरीत तेवढ्या जागेत जेमतेम २१ कोडपॉइंट मावतात. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकत्र लिहिलं की मर्यादा संपली.

विभागांच्या नावांसाठी यूआरआय प्रकार मला फार आवडतो. डिरेक्टरीतच एक छोटी शाखा करायची, त्यात मान्य विभागांच्या एंट्री ठेवायच्या. नियमात त्या शाखेचा एलडॅप यूआरएल द्यायचा. आता कर्मचाऱ्याच्या एंट्रीत विभाग लिहिला की सर्व्हर आतल्या आत तिथे शोधतो, आणि सापडला तरच घेतो. एकाच विभागाची स्पेलिंगं पाच तऱ्हांची असण्याचा त्रास यानं थांबतो. शिवाय नवा विभाग निघाला तर कॉन्फिगरेशनला हात लावावा लागत नाही, एचआरच्या माणसाला त्या शाखेत लिहिण्याचा हक्क दिला की झालं. सेट हा प्रकार सगळ्यात ताकदवान आहे. होम डिरेक्टरीच्या शेवटी यूआयडीच आला पाहिजे असा दोन अ‍ॅट्रिब्यूटना बांधणारा नियम त्यात लिहिता येतो. पण तो वाचणं इतकं अवघड जातं की माझ्याकडे असे नियम अगदी मोजके आहेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जुना डेटा. नियम लावल्यानं आधीच्या व्हॅल्यू बदलत नाहीत. ओव्हरले फक्त नव्यानं जोडल्या जाणाऱ्या किंवा बदलल्या जाणाऱ्या व्हॅल्यू बघतो. हे ऐकून ‘मग जुनं राहू दे की’ असं वाटतं, आणि तिथेच लोकांना त्रास होतो. बरेच वेब फॉर्म सेव्ह करताना फक्त बदललेला रकाना पाठवत नाहीत, सगळेच रकाने रिप्लेस म्हणून पाठवतात. मग एखाद्या बाई आपल्या खोलीचा नंबर बदलायला जातात आणि त्यांना फोन नंबरची एरर येते. तो फोन नंबर दहा वर्षांपूर्वी कोणी दुसऱ्यानंच लिहिलेला असतो. त्यांची यात काहीच चूक नाही. नियम लावण्याआधी जुना डेटा साफ करणं ही आपली जबाबदारी आहे, त्यांची नाही.

वाईट व्हॅल्यू शोधायच्या कशा? एलडॅपच्या फिल्टरमध्ये रेगेक्स नसतो. एलडीआयएफ काढून त्यावर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवावी, तर बेस६४ मधल्या व्हॅल्यू निसटतात, आणि नेमक्या त्याच संशयास्पद असतात. लांब ओळी दुमडल्या जातात तो त्रास वेगळाच. कन्स्ट्रेंट ओव्हरलेमध्ये ‘फक्त नोंद कर, अडवू नकोस’ अशी सोय नाही. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या एका एलडॅप सर्व्हरमध्ये तशी सोय आहे, पण ती सिंटॅक्सच्या तपासणीपुरती. म्हणून मी एक वेगळा मार्ग वापरते आणि तो सगळ्यांना सुचवते. चाचणीसाठी रिकामा सर्व्हर उभा करायचा, त्यावर तोच स्कीमा आणि नवे नियम ठेवायचे. खऱ्या डिरेक्टरीतून एलडॅपसर्चनं फक्त युजर अ‍ॅट्रिब्यूट काढायचे, आणि ती फाइल एलडॅपअ‍ॅडनं चाचणीच्या सर्व्हरवर चढवायची. एलडॅपअ‍ॅडला दोन पर्याय द्यायचे. छोटा सी, म्हणजे एरर आली तरी पुढे जा. आणि मोठा एस, म्हणजे नाकारलेल्या एंट्री वेगळ्या फाइलमध्ये लिही. त्या फाइलमध्ये प्रत्येक एंट्रीबरोबर सर्व्हरनं दिलेली एरर कॉमेंट म्हणून येते. साफसफाईची यादी आयती हातात. एका एंट्रीत दोन नियम मोडलेले असले तर पहिलाच दिसतो, म्हणून दुरुस्तीनंतर पुन्हा चालवावं लागतं. यात स्लॅपअ‍ॅड चालणार नाही, कारण तो ओव्हरलेला वळसा घालून थेट डेटाबेसमध्ये लिहितो. आणि ही प्रत लोकांच्या खऱ्या माहितीची असते. तिला मूळ सर्व्हरइतकंच कुलूप हवं, काम झालं की ती पुसायलाही हवी.

नियम चालू झाल्यावर पहिल्या सोमवारी हेल्पडेस्कवरून फोन येणार हे धरून चालावं. ‘मॅडम, हा १९ नंबर काय आहे हो?’ प्रश्न अगदी रास्त आहे. सर्व्हर परत पाठवतो त्या संदेशात अ‍ॅट्रिब्यूटचं नाव असतं, पण कोणता नियम मोडला आणि काय लिहायला हवं होतं ते नसतं. एवढ्यावर माणसानं काय करावं? म्हणून आमच्याकडे प्रत्येक नियमासोबत मराठीत एक वाक्य लिहिलेलं असतं: ‘फोन नंबर अधिक चिन्हानं सुरू करा, देशाचा कोड लिहा, मध्ये स्पेस नको.’ फॉर्म लिहिणाऱ्या टीमना मी ती वाक्यं देते. एरर १९ आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नाव आलं की फॉर्मनं तेच वाक्य दाखवायचं. असं वाक्य ज्या नियमाला लिहिता येत नाही, तो नियम मी लावत नाही. आपल्यालाच तो पुरता कळलेला नाही, असं मी समजते.

या दाराला काही बाजूच्या वाटा आहेत, त्या माहीत असायला हव्यात. रिलॅक्स कंट्रोल, म्हणजे नियम सैल करण्याची सूचना, लावून केलेल्या बदलाला कन्स्ट्रेंट लागत नाही. आणीबाणीत ते उपयोगी पडतं, पण तो अधिकार मोजक्या हातांतच हवा. रेप्लिकेशननं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरून नक्कल होऊन, आलेल्या बदलांना कन्झ्युमरवर (ते घेणाऱ्या सर्व्हरवर) पुन्हा तपासत नाहीत, त्यामुळे जे जे सर्व्हर थेट लिहून घेतात त्या प्रत्येकावर नियम तंतोतंत सारखे हवेत. एका सर्व्हरवर नियम राहून गेला तर वाईट व्हॅल्यू त्या बाजूनं आत येते आणि सगळीकडे पसरते. आणि एखादा अ‍ॅट्रिब्यूट भरलाच पाहिजे अशी सक्ती रेगेक्सनं करता येत नाही, कारण व्हॅल्यूच नसेल तर तपासायचं काय? त्यासाठी ऑब्जेक्टक्लासमध्ये मस्ट लागतं, आणि ते मोडलं की एरर ६५ येतो.

एकच व्हॅल्यू दोघांना मिळू नये, हा नियम मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यासाठी युनिक ओव्हरले आहे. लिहिण्याआधी तो डिरेक्टरीत शोध घेतो, म्हणून त्या अ‍ॅट्रिब्यूटवर इक्वॅलिटी इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) असायलाच हवा, नाहीतर प्रत्येक लिखाण रखडतं. दोन प्रोव्हायडर, म्हणजे लिहून घेणारे सर्व्हर, असतील तर हा नियम पुरा पडत नाही. दोघांकडे एकाच क्षणी तोच एम्प्लॉयी नंबर आला, तर दोघंही आपापल्या जागी शोधतात, दोघांनाही काही सापडत नाही, दोघंही लिहितात. नंतर रेप्लिकेशन दोन्ही एंट्री सगळीकडे पोचवतं. मेल किंवा फोनच्या बाबतीत हे निस्तरता येतं. पण फायलींची मालकी ठरवणारा यूआयडी नंबर दोघांचा एकच झाला तर एकाच्या फायली दुसऱ्याला उघडता येतात, म्हणून एम्प्लॉयी नंबर आणि यूआयडी नंबर हे दोन अ‍ॅट्रिब्यूट लिहिणाऱ्या सगळ्यांना मी एकाच प्रोव्हायडरकडे वळवलं आहे, दुसरा सुरू असला तरीही. तो एक बंद पडला तर नव्या माणसाचं खातं बनायला थोडा उशीर होतो. एचआरला ते मान्य आहे, मी त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे.

याउपर रोज रात्री एक स्क्रिप्ट सगळी डिरेक्टरी वाचते आणि तेच नियम पुन्हा लावून बघते. ओव्हरलेचं कॉन्फिगरेशन आणि ही स्क्रिप्ट, दोन्ही एकाच नियमांच्या फाइलमधून तयार होतात, मराठी वाक्यंही त्याच फाइलमध्ये असतात. काही सापडलं तर सकाळी त्या शाखेच्या मालकाला मेल जातो, त्यात एंट्री, अ‍ॅट्रिब्यूट आणि ते वाक्य. बहुतेक दिवशी मेल जात नाही. जातो तेव्हा कोणीतरी स्लॅपअ‍ॅडनं बॅकअपमधून काहीतरी परत आणलेलं असतं, आणि त्या बॅकअपची तारीख नियमांच्या आधीची असते.